आवडाच्या पायाखालची विळी

मित्रांनो, पाय जपून टाका, मी इथे खाली आहे. मी आवडाबाईची विळी. जुनी आहे, पण बोथट नाही. कोणाला खात्री करून घ्यायची असेल तर बोट आणा.

माझं पातं ट्रकच्या मोडक्या कमानीच्या, म्हणजे स्प्रिंगच्या पट्टीच्या, पोलादाचं. खेडच्या एका लोहाराने ते लाल करून, ठोकून, वाकवून माझी मान घडवली. पाट फणसाच्या लाकडाचा. मला नारळ खवायचे दाते नाहीत. सकाळी भाजी चिरायची, दुपारी खोबरं खवायचं आणि संध्याकाळी कोपऱ्यात उभं राहायचं, अशा विळ्यांतली मी नाही. मी मासळी कापते. सुरमईचा तुकडा माझ्यावरून पडला की दोन्ही बाजूंनी आरशासारखा असतो.

मला घेतलं चिमाने, आवडाच्या सासूने. ती रत्नागिरीच्या मासळी बाजारात बसायची. आवडा लग्न होऊन आली तेव्हा चिमाने तिला माझ्यासमोर बसवलं आणि विळीला घाबरू नकोस, गिऱ्हाइकाला तर मुळीच नको, एवढंच सांगितलं. त्यापेक्षा जास्त शिक्षण त्या घरात कोणा बाईला मिळालं नाही आणि कोणाचं काही अडलंही नाही. चिमा गेली तेव्हा तिची बाजारातली जागा, तिची पाटी आणि मी, तिघीही आवडाकडे आलो.

जमिनीवर बसणारीला जग खालून दिसतं. मला आधी पाय दिसतात, मग पिशवी, मग हात, आणि तोंड सगळ्यात शेवटी. तेच बरोबर आहे. तोंडाला माणूस घरून निघतानाच शिकवून आणतो. पायांना शिकवायचं कोणाला सुचत नाही. मासळी ताजी दिसत नाही म्हणून नाक मुरडणाऱ्या बाईने पिशवीचे बंद आधीच सुटे करून धरलेले असतात. आमच्याकडे कोणी खात नाही असं सांगून निघालेल्या साहेबांचा एक बूट अजून माझ्याकडेच तोंड करून असतो. आणि जो कल्ला उचलून, वास घेऊन तोंडभर कौतुक करतो, त्याची टाच केव्हाच फिरलेली असते. तो घेणार नाही. हे सगळं आवडाने माझ्या शेजारी बसून शिकून घेतलं. तिला वाटतं, ती आपली आपण शिकली. वाटू दे.

तिच्याही खुणा होत्या. घासाघीस चालू असताना ती तोंडाने कधी 'हो' म्हणायची नाही. भाव पटला की माझ्या पाटावर पाय ठेवायचा आणि मला खस्सकन पुढ्यात ओढायचं. सौदा झाला. आणि कोणी फारच कमी मागितलं तर मला आडवी पाडायची, पातं भिंतीकडे. मग देव जरी पिशवी घेऊन आला तरी त्याला त्या दिवशी मासळी मिळणार नाही. ही खूण काही तिची एकटीची नव्हे. चिमा तसंच करायची, आणि किनाऱ्यावर मासळी विकणाऱ्या कितीतरी बायका तसंच करतात.

मिरकरवाड्याच्या बंदरावरच्या घाऊक लिलावात मात्र सगळं उलटं. तिथे आपण गिऱ्हाईक. पाटीत बसून मीही जायची, म्हणून सांगते. तिथला पहिला नियम असा, की जो ढीग हवा त्याच्याकडे बघायचं नाही. तुमची नजर गेली की भाव चढला. आवडा शेजारच्या ढिगाकडे बघायची, बोटींच्या झेंड्यांकडे बघायची. हव्या असलेल्या ढिगातला एक बांगडा दोन बोटांनी उचलायची, परत टाकायची आणि बोटं अशी पदराला पुसायची, की बघणाऱ्याला त्या बांगड्याची दया यावी. मग शेवटी तोच ढीग घेऊन बाजारात यायची आणि वाटभर गालात हसायची. मित्रांनो, ते माझे भरभराटीचे दिवस.

पुढे आवडाचा गुडघा गेला. डॉक्टरांनी खाली बसायला मनाई केली, बाजार सुटला. तिच्या मुलाने, भिवाने, स्वयंपाकघरात ओटा करून घेतला. सून कमळाने त्या ओट्यावर एक सुरी आणली, लाल मुठीची. मुठीखेरीज तिच्यात बघण्यासारखं काही नव्हतं. मी गेले पाण्याच्या पिंपामागे. आमच्याकडची हवा खारी, पात्यावर गंज धरायला कितीसा वेळ लागतो. पण गंजाचं दुःख कमी होतं. पिंपामागून कोणाचे पाय दिसत नव्हते, हे खरं दुःख. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे नुसते शब्द कानावर पडायचे, आणि नुसत्या शब्दांवर माझा कधीच विश्वास नव्हता.

तिथून मला बाहेर काढलं ते रुचिरामुळे. रुचिरा म्हणजे भिवाची मुलगी, आवडाची लाडकी नात. हर्णे बंदरावरचा अनिल बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. भिवाच्या बोटीचं इंजिन बघायला तो एकदा मिरकरवाड्याला आला, बापाचा डबा घेऊन आलेल्या रुचिराची त्याची गाठ पडली, आणि तेव्हापासून ते इंजिन फारच वरचेवर बिघडायला लागलं. शेवटी दोघांनी आपापल्या घरी सांगून टाकलं. पुरुषांची ना नव्हती. प्रश्न होता तो दोन बायकांचा. एक आवडा, दुसरी अनिलची आई सगुणाबाई. त्यांच्यातल्या एकीने जरी नाही म्हणून मान हलवली तरी हे लग्न होणार नाही, हे दोन्ही घरांना पक्कं माहीत होतं. रुचिराने अनिलला बजावून ठेवलं होतं, की आजीचं मन मोडून मी येणार नाही. अनिलचंही आईबाबत तेच.

सगुणाबाई येणार त्या दिवशी सकाळी आवडाने मला पिंपामागून ओढून काढलं. विटेच्या भुकटीने घासलं, धार लावली, तेलाचा हात फिरवला. कमळाने गुडघ्याची आठवण करून दिली, तर आवडा म्हणाली, "पाहुण्यांना काय सुरीने कापलेली सुरमई वाढू? तोंड दाखवायला जागा राहील का?" ओट्यावरच्या लाल मुठीने हे ऐकलं असेल अशी मला आशा आहे.

सगुणाबाई आल्या, बरोबर त्यांचा भाऊ दादू आणि अनिल. आवडा पुढे झाली नाही. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी एक पाय लांब करून बसली आणि माझ्यावर सुरमई कापत राहिली. नातीच्या लग्नाची आपल्याला घाई नाही, हे पाहुण्यांना दिसायला हवं ना. पण मला तिच्या पायाचा अंगठा कळत होता. माझ्या पाटावर तो सारखा थरथरत होता.

सगुणाबाई खुर्चीत टेकल्या. भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. खिडकीतून शेजाऱ्यांचं माडाचं झाड बघितलं. रुचिरा पोह्यांची बशी घेऊन समोर उभी, तर तिच्याकडे सोडून सगळीकडे बघितलं. भिवा आणि दादू डिझेलवर आणि बर्फावर बोलत होते, त्यांना यातलं काही दिसत नव्हतं. मग सगुणाबाईंनी रुचिराचा हात दोन बोटांनी उचलला, उलटा केला, सुलटा केला, सोडून दिला, आणि बोटं पदराला पुसली.

आवडाचा हात थांबला. मला तिचा राग पायातून चढताना कळला. जिला तिने मांडीवर वाढवलं, तिचा हात त्या बाईने शिळ्या बांगड्यासारखा टाकला होता. आवडाने मला उचललं आणि आडवी पाडली. पातं भिंतीकडे.

सगुणाबाईंनी तो आवाज ऐकला आणि बघितलं. त्याही जन्मभर मासळीच विकत आलेल्या. त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांचा चेहरा पार उतरला, मग त्यांनी तो ताठ केला, पदर खांद्यावरून ओढून घेतला. "चल दादू, एसटी चुकेल," म्हणाल्या.

भिवाला कळेना काय झालं. अनिल दारातल्या दारात उभा राहिला. आणि मी आडवी पडल्या पडल्या सगळं बघत होते. आडवी होते म्हणूनच बघत होते. सगुणाबाई निघते निघते म्हणत होत्या, पण त्यांनी एकाच पायात चप्पल घातली होती. दुसरा पाय उंबऱ्यावर तसाच, बोटं घराकडे करून. मला वाचा असती तर मी ओरडले असते, की आवडा, मूर्ख बाई, खाली बघ. पण राग आला की माणूस तोंडाकडेच बघत राहतो. एवढी वर्षं माझ्या शेजारी बसली, आणि नेमक्या वेळेला वर बघत होती.

तेवढ्यात रुचिरा वाकली. बशी खाली ठेवायला वाकली, असं सगळ्यांना वाटलं. आजीच्या कानाशी येऊन ती हळूच म्हणाली, "आजी, त्यांचे पाय बघ गो."

आवडाने बघितलं. एक चप्पल, एक उघडा पाय. मग तिची नजर वर गेली, त्या पदराला पुसलेल्या बोटांकडे, आणि ती बराच वेळ तिथेच राहिली. ती बोटं कोणाची आहेत, हे तिला आत्ता ओळखू आलं. मिरकरवाड्याच्या धक्क्यावर ती स्वतः जन्मभर तशीच बोटं पुसत आली होती.

तिने मला उचलून उभी केली. माझा पाट फरशीवर खट्ट वाजला.

सगुणाबाई वळल्या. त्यांनी पायातली चप्पल काढली, तडक आत आल्या, माझ्यासमोर फतकल मारून बसल्या. माझ्या पाटावर त्यांनी आपला पाय ठेवला, आणि आवडाच्या पुढ्यातून मला खस्सकन स्वतःकडे ओढून घेतलं.

मित्रांनो, माझ्या आयुष्यात कितीतरी सौदे झाले. असा दुसरा झाला नाही.

"तुम्ही माझ्या नातीकडे ढुंकून बघितलं नाहीत," आवडा म्हणाली.

"बघितलं असतं तर तुम्ही भाव वाढवला असता," सगुणाबाई म्हणाल्या. "आणि तुम्ही तर विळीच आडवी केलीत."

"केली. तो हात परत तसा टाकलात तर पुन्हा करीन."

"टाकते कशाला. घट्ट धरते." सगुणाबाईंनी सुरमईचं डोकं माझ्यावर धरलं. "विहीणबाई, हे डोकं तुमच्या नातजावयाला घालू, की माझ्या सुनेला?"

आवडाला आधी हसू आवरेना, मग ते दोघींनाही आवरेना. कमळा कढई ठेवायची विसरली. दादू डिझेलवरचं बोलणं अर्धवट सोडून आत काय झालं ते विचारायला आला, तर त्याला कोणी सांगेना. अनिल दारातच उभा होता, पण त्याचे पाय आता धड जमिनीवर नव्हते. रुचिरा ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. तिचा चेहरा मला दिसला नाही. टाचा दिसल्या. त्या नाचत होत्या.

लग्न झालं. अनिलने मिरकरवाड्यालाच दुरुस्तीचं दुकान काढलं, आणि रुचिरा मला आपल्या नव्या घरी घेऊन आली. लाल मुठीची सुरी कमळाकडेच राहिली, तिचं तिला लखलाभ. आता मला रोज तेल लागतं, रोज पाय दिसतात.

तुमच्या घरात माझ्यासारखी कोणी असेल तर तिला पिंपामागे टाकू नका. काम झालं की धुवा, कोरडी पुसा, पातं भिंतीकडे करून ठेवा, म्हणजे लहान पायांना लागणार नाही. आणि माणसांच्या हातापायांकडे बघायला शिका. पुष्कळ कळतं. पण सगळं कळलं असं समजून लगेच विळी आडवी करू नका. मासळीच्या धंद्यातल्या दोन हुशार बाया एकमेकींना वाचता वाचता दोन पोरांचं लग्न मोडून बसल्या असत्या. बघा, आणि बघून झालं की तोंडानेही एकदा विचारा.

मी विचारू शकत नाही, म्हणून नुसती बघते. आज सगुणाबाई आल्या आहेत. एसटी चुकेल, आता निघते, असं सकाळपासून म्हणत आहेत. आत्ताही दारात उभ्या आहेत. एका पायात चप्पल आहे, दुसऱ्यात नाही.

आवडा पण आज नातीकडे आली आहे. तिने फक्त मला उभी केली आहे, आणि रुचिरा सुरमई धुऊन आणते आहे.