चारशे ब्याऐंशी परत आला

आष्ट्याजवळच्या त्या गावात चावडीपुढं एवढी गर्दी तमाशालाही झाली नसती. पासष्टची लढाई थांबून पंधरा दिवस झाले होते, पण फौजेतल्या पोरांची पत्रं येत नव्हती. अशा वेळी आकडेबाबा अवतरले. भविष्य सांगायचं, तेही गणितानं!

बाबा स्वतः खडूला शिवत नसत. "भागाकार तुमचे मास्तर करतील," म्हणत. आकाराम मास्तरांना हे पटत नव्हतं. पण भागाकार बरोबर येत होता, आणि बरोबर उत्तराशी भांडायचं कसं, हे त्यांना ट्रेनिंगात कुणी शिकवलं नव्हतं.

येसूबाई पुढं झाली. "पोराच्या फौजी नंबराचं शेवटचं तीन आकडं, चारशे ब्याऐंशी."

"दोनदा लिहा. एक जाणारा, एक येणारा!"

मास्तरांनी ४८२४८२ लिहिलं.

"सातानं भागा, सप्तर्षी! अकरानं, अकरा रुद्र! तेरानं, दुश्मनाचा तेरावा!"

दरवेळी बाकी शून्य. शेवटी उत्तर आलं ४८२.

"पोरगा घरी आला, माई! आता एकवीस दिवस कुठं चौकशी करायची नाही, पत्र लिहायचं नाही. नाहीतर परतीचा फेरा तुटेल. आणि कवचासाठी थोडं सोनं..."

येसूबाईचा हात कानातल्या बुगडीकडं गेला.

"थांबा वाईच," चंद्राबाई उठली. तिचा नवरा कृष्णात बासष्टला चीनच्या लढाईत पडला होता. पेन्शनच्या कागदांमुळं त्याचा नंबर तिला तोंडपाठ. "आमच्या मालकांचं बी बघा. तीनशे सतरा."

बाबांना खोकला आला. "बाई, ते आता..."

"मास्तर, भागा तुमी."

सात, अकरा, तेरा. बाकी शून्य. फळ्यावर तीनशे सतरा.

"आलं की परत!" चंद्राबाई म्हणाली. "तीन वर्सं झाली. जेवाय कवा येत्यात?"

कुणी हसलं नाही. मास्तरांनी मात्र कपाळावर हात मारला आणि फळ्याच्या कोपऱ्यात सात, अकरा, तेरा यांचा गुणाकार केला. एक हजार एक.

"अहो, तीन आकडे दोनदा लिहिले की त्या संख्येला एक हजार एकनं गुणलं जातं. मग तेवढ्यानंच भागलं. कोंडीबाच्या सायकलचा नंबर घ्या, तोही परत येईल. पाराला वळसा घालून घरी यावं, तसा!"

बाबांना एकाएकी सांगलीची एसटी आठवली.

"म्हंजे माझं पोरगं..." येसूबाईनं फळ्याकडं बोट केलं.

"ते आकड्याला ठाऊक नाही, येसूबाई. पलटणीला ठाऊक असतं. जे विचारून कळतं, ते विचारावं."

"मग आत्ताच लिवा पत्र. माझ्यासमोर."

चंद्राबाई तिच्याजवळ सरकली. "उत्तर येईस्तवर मी हाय तुझ्यासंगं. कायबी येऊ दे, पर खरं येऊ दे."

मास्तरांनी कागद पुढं ओढला.