सोमल ओळखणारा पहारेकरी

मी एक जनुक. जिवाणूच्या पोटात राहतो आणि तिथूनच बोलतोय. काम म्हणाल तर पहारेकऱ्याचं. माझ्यापासून एक प्रथिन बनतं, तोच माझा हात. त्याने मी शेजारच्या जनुकांचं दार लावून धरतो. पाण्यातून आर्सेनिक, म्हणजे सोमल, आत शिरला की हात सुटतो. मग शेजारी जागे होतात आणि ते विष बाहेर ढकलतात.

एका संशोधक बाईने मला प्रयोगशाळेत आणलं आणि त्या दाराआड लाल रंग बनवणारं जनुक बसवलं. विष आलं की कुपी लाल, असा साधा बेत. पण माझी पकड ढिली. शुद्ध पाण्यातही कुपी गुलाबी व्हायची.

"गळका नळ आहे हा. सोडून दे," तिचे सर म्हणाले.

"दारावर त्याच्या हाताला धरायला एकच कडी आहे, सर. दुसरी देऊन बघते."

तिने दिली, आणि मी घट्ट धरायला शिकलो. तेव्हापासून मी तिला माझी मालकीण मानतो.

एकदा तिची थोरली बहीण भेटायला आली. तिचे हात हातात घेताच मालकीण थबकली. तळव्यांवर खरखरीत बारीक गाठी होत्या. सोमल वर्षानुवर्षं पोटात गेला की अशाच गाठी येतात, हे तिला ठाऊक होतं.

"कामाने घट्टे पडलेत गं."

"तळपायांनाही आहेत ना, ताई? तुझ्या बोअरचं पाणी आण."

"गोड आहे आमचं पाणी. सगळी गल्ली भरून नेते."

"म्हणूनच आण."

बाटली आली, थेंब कुपीत पडले आणि माझा हात सुटला. हळूहळू कुपी लालभडक झाली. काम चोख झालं, पण आनंद काही झाला नाही.

थोरलीने बाटलीचं झाकण घट्ट लावलं. "मुलांना मीच पाजलं. शेजाऱ्यांनाही मीच बोलावलं."

मालकीण तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

मग प्रयोगशाळेतल्या पाणी तपासायच्या मोठ्या यंत्रानेही तेच सांगितलं. थोरलीने पंप बंद केला आणि घरोघर जाऊन स्वतः सांगून आली.

"पाणी तुझंच, आणि आता तूच नको म्हणतेस?" शेजारीण चिडली.

"हो. मीच म्हणते."

हल्ली मी फ्रीझरमध्ये गोठून पडलेला असतो. गरज पडली की मालकीण काढते, ऊब देते. परवा थोरली गल्लीत बांधलेल्या नव्या टाकीचं पाणी घेऊन आली. कुपी कोरीच राहिली. ती बराच वेळ बघत होती.

"बिघडला तर नाही ना हा?"

"नाही, ताई. पी तू."

तुमच्याही दारी कुणी रिकामी बाटली घेऊन तपासणीसाठी पाणी मागायला आलं, तर नाही म्हणू नका. मला थेंबभर पुरतं.