जेवदेतचं निदान

तुर्कस्तानातल्या आमच्या एर्झुरुम शहरात जुनी गाडी बाळगणाऱ्या कुणालाही विचारा, तो सांगेल, इंजिनाचं दुखणं ओळखावं तर जेवदेत उस्तादनं. लांब पेचकस इंजिनावर टेकवायचा, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि दोन मिनिटांत सांगायचं, "तिसऱ्या सिलिंडरचा वॉल्व्ह." इंजिन उघडलं की तिसऱ्याचाच वॉल्व्ह निघायचा.

हा जेवदेत माझा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि मी सतरा. त्याला मीच वाढवलं.

मी नेरिमान. एकतीस वर्षं सरकारी सुईण होते. निवृत्त झाले तरी डोंगरातल्या गावांतून फोन येतच राहिले, आणि मीही माझी जुनी पांढरी स्टेशन वॅगन घेऊन जातच राहिले. हिवाळ्यात संध्याकाळी बॉनेटवर रजई टाकायची, बॅटरी काढून घरात शेगडीजवळ आणून ठेवायची, सकाळी परत बसवायची. शेजारणी हसायच्या. "नेरिमान, नवऱ्याची एवढी सेवा केली असतीस तर तो अजून जगला असता!"

दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात गाडीला आवाज यायला लागला. चालू केली की टक-टक-टक, पत्र्यावर कुणी बोटाचं पेर आपटावं तसा. पाच-सात मिनिटांत इंजिन तापलं की आपोआप बंद. आठवडाभर ऐकला आणि जेवदेतला म्हटलं, "सकाळी लवकर ये, गाडी गार असताना."

तो आला. पेचकस लावला. नेहमीपेक्षा जास्त वेळ वाकून उभा राहिला.

"ताई, क्रँकचं बेअरिंग गेलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे घाटात कधीतरी इंजिन जागच्या जागी आवळणार. त्या वेळी तू कुठल्या वळणावर असशील, ते अल्लाला ठाऊक."

"अरे, पण तापल्यावर आवाज जातो की."

"तेल पातळ होऊन सगळीकडे पोचतं, म्हणून झाकला जातो." त्यानं पेचकस पुसला. "पोटातलं तू सांग, इंजिनातलं मी सांगतो. सुटे भाग शोधतो. तोवर चालवायची नाही. माझी शपथ आहे तुला."

मी हसले. त्याला चहा दिला. साखरेचा खडा दाढेत धरून त्यानं दोन पेले प्यायले आणि तो गेला. गाडी रजईखाली पडून राहिली.

ताशली घाटापलीकडे चायिरली नावाचं गाव आहे. तिथली एलमास माझ्याच हातावर जन्मली. लग्नानंतर तिची दोन मुलं पोटातच गेली. तिसऱ्या वेळी तिनं माझा हात धरून विचारलं होतं, "मावशी, तुम्ही याल ना?" मी म्हटलं, "बर्फ पडो, आभाळ पडो, मी येणार."

जानेवारीत एका सकाळी तिच्या सासूचा फोन आला. कळा लागल्या होत्या, तारखेच्या तीन आठवडे आधी. मी जेवदेतला फोन केला.

"तुझी पिकअप दे. नाहीतर तूच मला सोड."

"ताई, पिकअप खोलून ठेवलीय गं. गिअरबॉक्स खाली आहे."

टॅक्सीवाल्यांना विचारलं. आकाश बघूनच ते नाही म्हणत होते. एक तयार झाला, तोवर दुपार झाली आणि घाट बंद झाला. फोनवरून मी सासूला सांगत राहिले, असं कर, तसं धर. मुलगी झाली, रडली. पण एलमासचं रक्त थांबेना, आणि मग फोनही लागेना. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरला पत्र्याची घसरगाडी बांधून तिला खाली आणलं. ती वाचली. पिशवी काढावी लागली.

मी असते तर रक्त थांबवलं असतं का? माहीत नाही. इस्पितळात भेटायला गेले, तेव्हा तिनं भिंतीकडे तोंड केलं.

मार्चमध्ये मीच ठरवलं, गाडी विकायची. पासिनलरचा रिफ्की म्हणून एक माणूस भंगार गाड्या घेतो असं कळलं. त्याला आधीच सांगितलं, इंजिन गेलेलं आहे. तो सकाळी आला. आल्या आल्या बॉनेटवर पालथा हात ठेवला.

"तापवून ठेवली नाही ना?"

"कशाला तापवू? भंगारातच द्यायचीय."

त्यानं चालू केली. टक-टक-टक. मान तिरकी करून ऐकलं. मग मागे गेला, फडकं गुंडाळून सायलेन्सरच्या तोंडाशी घट्ट दाबलं. पुढचा आवाज एकदम वाढला, फुस्स-टक, फुस्स-टक. तो हसायलाच लागला.

"ताई, इकडे या. हे बघा."

इंजिनाच्या बाजूला, जिथून धूर बाहेरच्या नळ्यांत जातो, तिथे काजळीचा काळा पट्टा उमटला होता. एक बोल्ट तुटलेला.

"पॅकिंग जळलंय. फटीतून धूर सुटतो, त्याचा आवाज. लोखंड तापून फुगलं की फट मिटते, आवाज बंद. बेअरिंग गेलं असतं तर तापल्यावर आवाज वाढला असता. कुणी सांगितलं हो तुम्हाला बेअरिंग?"

"एका उस्तादनं."

"त्याला परत गाडीजवळ फिरकू देऊ नका. एक तर तो बहिरा असेल, नाहीतर लबाड."

माझा भाऊ बहिरा नव्हता.

मी त्याच गाडीनं गॅरेजला गेले. जेवदेत टायर उतरवत होता. आवाज ऐकून त्यानं मान वर केली. गाडी अजून पुरती तापली नव्हती, त्यामुळे ती टकटकत होती, आणि आम्ही दोघं ते ऐकत उभे राहिलो.

"पॅकिंग," मी म्हटलं.

त्यानं टायर भिंतीला टेकवला.

"पहिल्याच दिवशी कळलं होतं?"

"ताई, गेल्या वर्षी तू घाटात घसरलीस. कठड्याला अडकली नसतीस तर मला तुला गोळा करून आणावं लागलं असतं. तुझा ओनूर बुर्साहून फोनवर रडला. मामा, आईला थांबव, म्हणाला. तू कुणाचं ऐकतेस? सांग, कधी ऐकलंस?"

"तुझं ऐकलं ना."

"मी गाडी बिघडवली नाही. आवाज होताच."

"आवाज होता. नाव तू खोटं दिलंस."

त्यानं पाना खाली ठेवला. हात पुसायला लागला, एकेक बोट.

"तोंडावर सांगायचंस. मी भांडले असते, शिव्या दिल्या असत्या, पण तू सांगितलं असतंस. आणि ती पिकअप, जेवदेत? त्या सकाळी?"

त्यानं फडक्याची घडी घातली.

"धड होती," तो म्हणाला. "वाटलं, एवढ्यात होणार नाही तिचं. पहिलटकरणीसारखंच होतं ना, वेळ लागतो."

"ते तू ठरवलंस?"

"ताई..."

"पोटातलंही आता तूच सांगायला लागलास."

मी निघाले. त्यानं हाक मारली, मागून धावला, बॉनेटवर हात ठेवला. "निदान बोल्ट तरी बदलून देतो, थांब." मी तो हात बाजूला होईपर्यंत थांबले आणि गेले. रिफ्कीच्या ओळखीच्या मिस्त्रीनं पाऊण तासात काम केलं.

ओनूरशी पंधरा दिवस बोलले नाही. जेवदेत ईदला आला, वाकून माझ्या हाताचं चुंबन घेतलं, कपाळाला लावलं. मी हात दिला. समोर चहा ठेवला. आपल्या माणसाला दाराबाहेर काढता येत नाही. पण तो बोलत असताना प्रत्येक वाक्याला मनात येत होतं, हे खरं असेल का? अगदी साधं, "पोरांना सर्दी झालीय," याच्यावरही. सहा वर्षांच्या ज्या पोराला मी कुशीत घेऊन झोपवायचे, त्याच्याबद्दल.

घाट मोकळा झाल्यावर चायिरलीला गेले. एलमासनं दार उघडलं, क्षणभर थांबली, मग बाजूला झाली. मी सगळं सांगितलं, आवाज, बेअरिंग, पिकअप, काहीच राखून ठेवलं नाही. ती मुलीला खांद्यावर घेऊन थोपटत ऐकत होती.

"तुम्ही तुमच्या भावावर विश्वास ठेवलात," ती म्हणाली.

"हो."

"आणि मी तुमच्यावर."

तिनं पाव आणि चीज माझ्यापुढे सरकवलं. मी खाल्लं. मुलगी गुबगुबीत होती, माझ्याकडे टुकुटुकु बघत होती. एलमासनं तिला माझ्या मांडीवर दिलं नाही आणि मीही मागितलं नाही. निघताना ती अंगणापर्यंत आली.

"पुढच्या महिन्यात तिची लस आहे," ती म्हणाली. "खाली यायला गाडी मिळत नाही."

"कुठल्या दिवशी?" मी विचारलं.