बाबांचा पेरिस्कोप

माझ्या सासऱ्यांच्या पाठीला बाक आला, मान कायमची खाली गेली, आणि तेव्हापासून दोन वर्षं ते आम्हाला मोज्यांवरून ओळखतात. "मनीषा, पुन्हा ते जांभळे?" एवढंच माझं कौतुक. गणपतीत मात्र ते गप्प होतात. चौरंगावरच्या मूर्तीचा त्यांना फार तर उंदीर दिसतो.

माझा नवरा यतीन इथे इंग्लंडमध्ये, ब्रॅकनेलला इंजिनियर, पण डोकं कायम जुन्या अवकाशयानांत. यंदा तो इरेलाच पेटला.

"अगं, पहिल्या स्पेसक्राफ्टमध्ये अ‍ॅस्ट्रोनॉट सीटला बांधलेला, हलायची सोय नाही. पेरिस्कोपमधून पृथ्वी बघून तो ठरवायचा, यान सरळ आहे की तिरकं. बाबांना असंच काहीतरी हवंय!"

त्याने स्टँडवर भिंगं आणि आरसा घातलेली एक फिरती नळी बसवली. खाली बघितलं की समोरचं दिसणार.

चतुर्थीला मोदक वाफाळत होते. बाबांनी नळीला डोळा लावला आणि ओरडलेच. "हा तर उजव्या सोंडेचा! याचं कडक सोवळं पाळणार कोण? तुम्ही, सँडविचवर जगणारे?"

वेम्बलीच्या दुकानात चांगली पारखून मी डाव्या सोंडेची मूर्ती आणली होती. मी भडकले. "यतीन, तुझ्या आरशाने देवच फिरवला!"

यतीनने कपाळावर हात मारला. "सिंगल मिरर! डावं-उजवं फ्लिप होतं. बाबा, तुम्ही आरती सुरू करा, मी नंतर फिक्स करतो."

"नको," बाबा म्हणाले. "दोन वर्षांनी दिसतोय, तर आहे तसाच दिसू दे."

मला भरून आलं. वर जाऊन मी माझ्या पावडरच्या दोन कॉम्पॅक्टचे आरसे उचकटून आणले. यतीनने ते छपरासारखे काटकोनात जोडून जुन्या आरशाच्या जागी बसवले. तोवर मोदक गार झाले. झाले तर झाले.

बाबांनी पुन्हा डोळा लावला. मधे एक रेघ दिसत होती म्हणे, पण सोंड डावीच. मग त्यांनी अशी खणखणीत आरती सुरू केली की शेजारीण खिडकीत आली.

आरती संपली तरी नळी काही सोडेनात. मी प्रसाद घेऊन गेले, तर त्यांनी ती हळूच माझ्याकडे वळवली.

"अगं मनीषा, तुझे केस पिकले की!"

एरवी असं कोणी म्हणालं असतं तर त्याची खैर नव्हती. मी मोदकाचं ताट खाली ठेवलं आणि हसत त्या नळीसमोर उभी राहिले.

"बघा बाबा," मी म्हटलं, "डोळे भरून बघा."