वाफ धरणारा आरसा

मी एक जुना हात-आरसा आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मला माणसांच्या तोंडांची किळस येते.

ही किळस जन्मजात नाही. काच कापून, मागे मुलामा चढवून, लाकडी चौकटीत बसवून मला मूठ लावली, तेव्हा मी चांगल्या स्वभावाचा होतो. पहिली सहा वर्षं मी एका न्हाव्याच्या दुकानात काढली. केस कापून झाले की तो मला गिऱ्हाइकाच्या मानेमागे धरायचा. मानेची मागची बाजू किती सभ्य असते! ती खोकत नाही, तिला दात नसतात. "वा, झकास!" गिऱ्हाईक म्हणायचं आणि मला वाटायचं, कौतुक माझंच चाललंय.

दुकान बंद पडलं आणि इंग्रजी उच्चारांचा वर्ग चालवणाऱ्या सरांनी मला उचललं. तिथे माझे हाल सुरू झाले. बाकावरून बाकावर मला फिरवायचे आणि प्रत्येक जण माझ्यासमोर आ करायचा.

"आपला व एक, त्यांचे दोन," सर सांगायचे. "एकाला वरचे दात खालच्या ओठावर टेकवा. दुसऱ्याला ओठांचा चंबू करा, दातांना सुट्टी. आणि शब्दाच्या सुरुवातीचा प म्हणताना ओठ मिटून वाऱ्यासकट उघडा. आरशावर वाफ दिसली पाहिजे."

वाफ! त्या वाफेत कच्चा कांदा असायचा, सर्दी असायची, न घासलेली जीभ असायची. शिंतोडे तर विचारूच नका. वर ज्या बाहीने नाक पुसलं, त्याच बाहीने मलाही पुसायचे. शी!

त्यातही एका आवाजाचा मला धसका होता. "जिभेचं टोक दातांच्या फटीत आणा, बाहेर दिसू द्या आणि हवा हळू सोडा," सर म्हणायचे. "घसा गप्प राहिला तर एक आवाज, घसा घुमला तर दुसरा. गळ्याला हात लावून बघा." पण सगळे तिथेच अडायचे. लहानपणापासून त्यांनी ऐकलेलं असायचं, 'जीभ काय दाखवतेस मोठ्यांना?' मग मोठेपणी जीभ बाहेर येणार कशी? ती दाताआडून परत फिरायची आणि आपला साधा थ निघायचा.

एके वर्षी वर्गात एक ताई आली. ती दवाखान्याच्या धुलाईखात्यात रात्रपाळी करायची. दुपारी घरी कुणी नसायचं, म्हणून दहा महिन्यांची मुलगी मांडीवरच असायची. दवाखान्यात ध्वनिक्षेपकावरून इंग्रजीत सूचना देण्याची जागा निघाली होती, दिवसपाळीची. ती मिळाली तर लेकीला रोज रात्री स्वतः निजवता येणार होतं. चाचणी शुक्रवारी होती आणि मी सांगतोय तो दिवस बुधवारचा.

ताईची पाळी आली. तिने एका हातात मला धरलं आणि दुसरा हात तोंडावर नेला.

"अहो ताई, हात काढा! तोंड आहे ते, चोरीचा माल नाही," सर म्हणाले.

"सर, तिची जीभ अजून घुंघटात आहे!" मागच्या बाकावरचे बँकवाले साहेब ओरडले आणि सगळा वर्ग खो-खो हसला.

ताईने मला खाली घेतलं तेव्हा मी कलता झालो आणि माझ्यात ती सगळी हसणारी तोंडं एकदम दिसली. दात स्वच्छ, ओठ स्वच्छ, वाफ नाही की शिंतोडा नाही. मित्रांनो, इतकी शिसारी मला कांद्याचीही कधी आली नव्हती.

"माझं नाव काढून टाका, सर," ताई म्हणाली. "नाही जमायचं मला."

तेवढ्यात मुलीने मला दोन्ही हातांनी ओढलं. आधी चाटलं. मग वरच्या-खालच्या इवल्या दातांमधून जीभ बाहेर काढली आणि माझ्यातल्या बाळावर लांबलचक हवा सोडली. लाळेचा सडाच घातला माझ्यावर! मी शहारलो.

सर मात्र खुर्चीतून उठले. "पुन्हा कर बघू, बाळे."

तिने पुन्हा केलं.

"ऐकलंत? हाच तो आवाज. या वर्गात आज पहिला बरोबर उच्चार हिने केला." मग ते ताईकडे वळले. त्यांचा आवाज उतरला होता. "मी मघाशी बोललो ते चुकलं. तुम्ही हिच्याकडे बघून करा. माझ्याकडे नको."

ताईने लेकीला जीभ दाखवली. लेक खदखदा हसली आणि तिने उत्तर दिलं. दोघी एकमेकींना जीभ दाखवत राहिल्या. माझ्यावर एक पातळ, लांबट वाफ उमटली. अगदी बरोबर.

"आता तुम्ही या, साहेब," सर म्हणाले. साहेब आले. मला धरलं आणि त्यांचाही हात तोंडावर गेला.

शुक्रवारी ताई सरांना विचारून मला पिशवीतून चाचणीला घेऊन गेली. समोर तिघे अधिकारी बसले होते. मी टेबलावर होतो. वाचायला होतं 'थर्ड फ्लोअर, थिएटर थ्री'. सवयीने तिचा हात अर्ध्यावर उठला. तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या कोपऱ्यात लेकीच्या लाळेचा वाळलेला डाग तसाच होता. हात खाली गेला आणि तीन परक्या माणसांसमोर जिभेचं टोक बाहेर आलं.

ती जागा तिला मिळाली.

पुढे वर्गात मोबाइल आले. सगळे त्यातच तोंड बघू लागले आणि मी खडूच्या भुग्यात, एका तुटक्या कंगव्याशेजारी खणात पडलो. ताईनेच येऊन मला मागून नेलं. आता माझा मुलामा डागाळलाय, मूठ हलते. मी ध्वनिक्षेपकाच्या खोलीत खिळ्याला टांगलेला असतो. रोज सकाळी ती माझ्यावर 'हाऽ' करून वाफ सोडते आणि कोरड्या, धुतलेल्या फडक्याने पुसते. कांदा अजूनही येतोच.

मित्रांनो, आरसा वापरलात तर नाक पुसलेल्या बाहीने पुसू नका, एवढं कराच. आणि नवा आवाज काढायला कुणी तोंड उघडलं, तर तेवढा वेळ आपलं मिटून ठेवा.