मागून येणारा आवाज

विरूपाक्षने नवा रेडिओ फडताळावर जुन्याच्या शेजारी ठेवला आणि दोन्हींचे कान एकदमच पिळले. बातम्या चालू होत्या. जुन्यातली बाई बोले, तेच नव्यातली जरा मागून बोले. दोन्ही आवाज एकमेकांच्या पायात पाय घालू लागले आणि चाकूरच्या त्या खोलीत नुसता गलका झाला.

"मामी, जुना बंद करा," तो म्हणाला. "नवा डिजिटल हाय. आवाजाची गाठोडी बांधून पाठवतेत, ती इथं सोडायला जरा येळ लागतो. पण खरखर बघा, जरा बी न्हाई. आता मामांना बी नीट ऐकू येईल."

आवाज खरंच धुऊन काढल्यासारखा होता. हवेतून गाठोडी येतात आणि एवढ्याशा डब्यात सुटतात, याचं गुणाबाईंना मोठं अप्रूप वाटलं. तरी त्यांनी त्याला हात लावला नाही.

त्यांचे यजमान गुरुबसप्पा यांचे कान लातूरच्या डाळमिलच्या खडखडाटात तरुणपणीच अधू झाले होते. तेव्हापासून घरात कुणी काहीही बोललं की गुणाबाई ते त्यांच्या कानाशी पुन्हा सांगत. लेक उज्वला नांदेडला रेडिओवर निवेदिका झाली, तेव्हा तिचा शेतीचा कार्यक्रमही त्यांनी असाच वाक्यावाक्यानं पोचवला. सगळं लक्ष शब्द पकडण्यात. रेडिओवर लेकीचा आवाज कसा वाटतो, हे त्यांना शेजारणींकडूनच कळे. तरी हे काम त्यांना जिवापाड आवडायचं. आता ते हा डबा करणार होता.

गुरुबसप्पा मात्र जुना बंद करू देईनात. त्यानंच लेकीला पहिल्यांदा घरात आणून बोलतं केलं, त्याला आता वाऱ्यावर सोडायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. विरूपाक्षने कपाळाला हात लावला आणि दोन्हींचा आवाज वाढवून दिला. निदान उज्वलाच्या कार्यक्रमाची तरी वाट लागू नये, असं पुटपुटत तो खाली बसला.

इतक्यात बातम्या संपल्या. गुणाबाई सवयीनं नवऱ्याच्या कानाशी सरकल्या.

"तुरीला आता फुलं लागलीत," जुन्यातून उज्वला म्हणाली आणि थांबली.

"तुरीला आता फुलं लागलीत," नव्यातून ती म्हणाली.

मग जुन्यातून पुढचं वाक्य आलं, अळीचं. पुन्हा ती थांबली. त्या थांबण्यात नव्यानं तेच वाक्य स्वच्छ सांगितलं. गलका झालाच नाही. विरूपाक्ष आ वासून एकदा या रेडिओकडे, एकदा त्या रेडिओकडे बघू लागला.

गुणाबाईंनी तोंड उघडलं होतं. गुरुबसप्पांनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"थांब. मला येऊन राहिलं ऐकू."

त्या मागं सरकल्या. उज्वलाच्या या थांबण्याला गाव हसे. गुणाबाईची पोरगी पुढचं विसरते काय, म्हणे. केंद्रावरचे साहेबही तिला सलग बोलायला सांगत. ती हो म्हणे आणि पुन्हा थांबे. लहानपणी शाळेतून आली की ती वडिलांना दिवसभराचं सांगायला बसायची. एक वाक्य बोलायचं, आईकडे बघायचं, आई ते कानात सांगेपर्यंत दम धरायचा, मग पुढचं. माइकसमोर बसूनही पोरगी अजून तेवढाच दम धरत होती. नव्या रेडिओला ती जागा आयतीच मिळाली होती.

गुणाबाईंनी डोळ्यांना पदर लावला, पण रेडिओवरचे कान काढले नाहीत. आवाज थोडा घोगरा होता, त्यांच्या स्वतःच्या आईसारखा. हे कोणत्याच शेजारणीनं सांगितलं नव्हतं. किती गोड बोलते आपली पोर, असं वाटून त्यांना हसू फुटलं.

कार्यक्रमाच्या शेवटी उज्वला रोज विचारते तेच तिनं आजही विचारलं.

"ऐकलंत ना?"

हा प्रश्न गुणाबाईंनी आजवर नवऱ्याच्या कानात पोचवला होता. आज त्या तशाच बसून राहिल्या.

"ऐकलंत ना?" नव्या रेडिओनं विचारलं.

"हाव माय," गुणाबाई म्हणाल्या. "आज ऐकलं."