माणिकरावांची लाइन

"थांबजो सूनबाई, मालगाडी येऊन राह्यली."

सिंधू दाराच्या चौकटीत थांबली. एका हातात पिळलेल्या कपड्यांची बादली, कडेवर नऊ महिन्यांची बेबी, आणि समोर जमिनीवर गुडघे टेकून ओणवे झालेले सासरे. डालड्याच्या डब्यांचे पत्रे कापून केलेल्या रुळांवरून काडेपेट्यांचे बारा डबे कुरकुरत चालले होते. पुढे मोडक्या गजराच्या घड्याळाचं यंत्र बसवलेलं इंजिन. पुढच्या खोलीला वेढा घालून, खाटेखालून, ट्रंकेमागून फिरत ही लाइन नेमकी दारात यायची. अंगणात जायचं तर ती ओलांडूनच.

"मामाजी, बादली जड आहे."

"दोन मिंटं. गाडी आली म्हनून लाइन मोकळी होत नाही. मागचा दिवा पाहा लागते. तो दिसला तवाच गाडी पुरी आली समजायचं."

शेवटच्या काडेपेटीवर एक लाल गुंज डिंकाने चिकटवली होती. ती दारापुढून गेली, माणिकरावांनी हात वर केला आणि मगच सिंधूला वाट मिळाली.

माणिकरावांनी चौतीस वर्षं रेल्वेत काढली होती, शेवटी स्टेशनमास्तर म्हणून. मलकापूर ते शेगाव या पट्ट्यातल्या एका लहानशा स्टेशनावर, जिथे मेल थांबत नाही, नुसती धूळ उडवून जाते. मधल्या काळात राज्य बदललं, मुंबईचा महाराष्ट्र झाला. पण टाइमटेबल बदललं नाही, असं ते म्हणत. बायको क्वार्टरमध्येच गेली. रिटायर झाल्यावर ते मेहकरला मुलाकडे आले. भगवंत तहसील कचेरीत कारकून. मेहकरला आगगाडी नाही. पहिला महिना ते रोज एसटी स्टँडवर जाऊन बसले. मग एक दिवस परत येऊन म्हणाले, "त्या मोटारीले टाइम नसते. नुसता ड्रायव्हर असते." दुसऱ्या दिवसापासून पत्रे कापायला लागले.

शेजारच्या बनाबाईला गंमत वाटायची. "सिंधू, तुह्या घरी यायले तिकीट लागते का वं?" असं दारातून ओरडून मगच ती आत यायची. सिंधूही हसायची. पण बेबी रांगायला लागली आणि तिचं हसू आटलं. ती अमरावतीला इंटरपर्यंत शिकलेली. बाळाच्या हाताला काय काय लागू शकतं, याची यादी सकाळी उठल्यापासून तिच्या डोक्यात सुरू व्हायची. बारीक चुका-खिळे, पत्र्याच्या कडा, शर्टाच्या बटणांची चाकं. रोज झाडताना ती चाकं मोजायची.

"तुम्ही सांगा ना त्यांना," ती नवऱ्याला म्हणाली.

"काय सांगू? त्या मानसानं आजवर माह्याजवळ काही मागतलं नाही. एक खोली घेतली. तेही परत मागू?"

भगवंतचं खोटं नव्हतं. तिने विषय सोडला आणि चाकं मोजत राहिली.

मग तो बुधवार आला. दुपारी तीनला ती पुढची खोली झाडायला घेते, तर मालगाडी ट्रंकेमागे उभी. सकाळपासून एकही गाडी फिरली नव्हती, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. खिडकीत माणिकरावांचं रजिस्टर उघडं होतं. स्टेशनातल्यासारखंच, तांबड्या रेघा मारलेलं. तिने सहज वाचलं :

'९.१०. डाउन माल. मागचा दिवा नाही. गाडी अपूर्ण. लाइन बंद. शोध चालू.'

तिने दुसऱ्यांदा वाचलं. झाडू हातातून सुटला.

"मामाजी! गुंज कुठं गेली?"

"तेच पाहून राह्यलो," खाटेखालून आवाज आला. "सगळी लाइन दोनदा तपासली."

"नऊ वाजता बेबी कुठं होती?"

खाटेखालची हालचाल थांबली. माणिकराव हळूहळू बाहेर आले. गुडघ्यांना माती, केसांत जळमट.

"इथंच. ट्रंकेपाशी. तू भाकरी करत व्हती."

"सहा तास झाले! मले काऊन नाही सांगतलं?"

एरवी ती सासऱ्यांशी जपून, पुस्तकातल्यासारखं बोलायची. आज माहेरची बोली तोंडात आली. माणिकरावांनी रजिस्टर पुढे केलं आणि नोंदीवर बोट ठेवलं. "नोंद केली ना. लाइन बंद केली. तवापासून एक गाडी सोडली नाही मी."

ते काही लपवत नव्हते. काही हरवलं की गाड्या थांबवायच्या, वेळ लिहायची, शोधायचं. चौतीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. कळवायचं ते तारेवरून, पुढच्या स्टेशनाला. घरात पुढचं स्टेशन कोणतं, हे कुठल्याच नियमात नव्हतं.

बेबीला उचलून दोघं डॉक्टरांकडे जवळजवळ पळतच गेली. माणिकराव अनवाणी.

"गुंजेला भोक पाडलं होतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. डिंकानं चिकटवली व्हती."

"दात किती आहेत हिला?"

"खालचे दोन," सिंधू म्हणाली.

"सबंध गिळली असेल तर सबंध बाहेर पडेल. फुटली असेल तर विष आहे ते. उलटी, जुलाब, गुंगी, काही दिसलं की उचलून आणा. आणि लंगोट पाहत राहा."

दोन दिवस सिंधूने लंगोट पाहिले. उजेडात, काडीने, पाण्यात खळबळून. बेबी खेळत होती, हसत होती, आणि तिच्या प्रत्येक जांभईला सिंधू तिला हलवून पाहत होती. माणिकराव ओसरीतल्या बाकावर बसून होते. चहा नेला तर घेत, नाही नेला तर मागत नसत. शुक्रवारी सकाळी गुंज सापडली. लालबुंद, काळा ठिपका, जशीच्या तशी. सिंधूने ती धुऊन ओसरीत नेली.

"पुरी हाय?" त्यांनी विचारलं.

"पुरी आहे."

तिने गुंज चुलीत टाकली.

त्याच दुपारी त्यांनी लाइन उखडली. एका टोकापासून, एकेक पट्टी, एकेक चूक काढून, सरळ करून डब्यात. कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं म्हणून सिंधूने दोन दिवस मनात वाक्यं जुळवली होती, ती सगळी वाया गेली. त्याचंच तिला जास्त ओझं झालं.

खोली मोकळी झाली. बेबी भिंतीपासून भिंतीपर्यंत रांगली. आणि माणिकराव बसून राहिले. दाढी दोन-दोन दिवसांनी होऊ लागली. सिंधू आता त्यांच्या ताटातली भाकरी मोजायला लागली. आधी दोन, मग दीड, मग एक.

शेवटी तिनेच भुसावळला पत्र टाकलं. वामनराव, माणिकरावांचे जुने सोबती, तिथे जिथून सगळ्या गाड्या हलवतात त्या कंट्रोल ऑफिसात होते. जमिनीवर जागा नाही, गाड्या चालवायचा दुसरा काही मार्ग आहे का, एवढंच तिने विचारलं. वामनरावांचं उत्तर चार पानी आलं. मार्ग तीन आहेत, माणक्याला तिन्ही करून पाहू दे, एकदम निवडू नको म्हणावं.

पहिला मार्ग भिंतीवरच्या फळीचा. फळीला भोकं, भोकांत खुंट्या, प्रत्येक खुंटी म्हणजे एक गाडी. तो चार दिवस टिकला. "खुंटी उचलून ठेवली की गाडी पोचली. मंधात काय झालं? मंधातलं काहीच नाही," माणिकराव म्हणाले.

दुसरा मार्ग पुठ्ठ्याच्या पत्त्यांचा. एकेका डब्याचं एकेक कार्ड, कुठला माल, कुठून कुठे, सगळं लिहिलेलं. हा मार्ग त्यांना रुचला होता. पण बनाबाईने दारातून पाहिलं. "बाई बाई! मास्तर भरदुपारी पत्ते कुटून राह्यले!" सगळी गल्ली हसली. माणिकरावांनी कार्डं गोळा करून सुतळीने बांधली ती बांधलीच.

तिसरा मार्ग वामनरावांनी पत्रासोबतच गुंडाळून पाठवला होता. कंट्रोलचा कागद, बारीक चौकोनांचा. डावीकडे स्टेशनं एकाखाली एक, वर तास आणि मिनिटं. गाडी म्हणजे पेन्सिलीची रेघ. गाडी चालली की रेघ तिरपी, उभी राहिली की आडवी. दोन रेघा जिथे एकमेकींना कापतात, तिथे दोन गाड्यांची भेट.

"याच्यात मंधातलं दिसते," माणिकराव म्हणाले आणि पेन्सिलीला टोक काढायला बसले.

सिंधूला वाटलं, सुटलो आपण. महिनाभर रोज सकाळी नवा कागद, संध्याकाळी तिरप्या रेघांचं जाळं. मग तिला दिसलं की जाळं दुपारी दोनलाच पुरं होतंय.

"आज लवकर झालं, मामाजी?"

"झाल्या सगळ्या. रात्रीची मेलबी गेली." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "कागदावर मी म्हनीन तवा येते ना ते. रुळावर एक केस अडकला तरी गाडी उभी राहायची. माह्यं काही चालत नव्हतं. कोनी अडवत नाही आता. मानूस थकून जाते अशानं."

सिंधू आत गेली. कणीक भिजवायची राहिली होती.

पुढच्या आठवड्यात एक दिवस नळाला तिसऱ्या प्रहरी पाणी आलं. सिंधूने पेंगुळलेली बेबी सासऱ्यांच्या मांडीवर दिली आणि हंडे घेऊन धावली. परत आली तेव्हा माणिकराव खिडकीशी ताठ बसलेले. समोर ट्रंकेवर कागद. बेबी त्यांच्या उजव्या हातावर मान टाकून गाढ झोपलेली. पेन्सिल कागदावर, त्यांच्यापासून वीतभर लांब.

"घेऊ का तिला? हात अवघडला असेल."

"हळू बोल." ओठ जेमतेम हलले. "नोको उठवू. आत्ताच लागली झोप."

"पण तुमची गाडी?"

"उभी हाय पॅसेंजर. तीन बाराले सुटाले पाह्यजे व्हती. किती झाले?"

सिंधूने भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. "तीन एकवीस."

"मंग बस इथं. पट्टी घे. माह्या हाताचं नाही ते आज, तू वढ. आडवी. तीन बारापासून एकवीसपर्यंत."

तिने ओले हात पदराला पुसले आणि बसली. सकाळपासून पहिल्यांदाच. पट्टी लावून तिने नऊ मिनिटांची रेघ ओढली. हात नवखा, रेघ जरा जाड आली. माणिकरावांनी मान न हलवता नजर खाली करून ती पाहिली.

"मागून डाउन माल आहे ना साडेतीनची?" तिने कागद पाहत विचारलं. "तिचं काय?"

"ते मागच्या स्टेशनात थांबन. थांबा लागन तिले." त्यांचा आवाज कितीतरी दिवसांनी मास्तरांचा झाला होता. "लाइन मोकळी कुठं हाय?"

"आणि ही कधी सुटेल?"

त्यांनी बेबीकडे पाहिलं. तिच्या तोंडातून लाळेचा धागा त्यांच्या बाहीवर उतरला होता.

"ते आपल्या हातात नाही," ते म्हणाले.

मोरीतला हंडा झाकायचा राहिला होता. दोरीवरचे कपडे वाळून कडक होत होते. सिंधू उठली नाही. तीन चोवीस झाले, पंचवीस झाले. घड्याळाकडे एकदा बघून तिने आडवी रेघ पुढच्या चौकोनात नेली.